जागांचे व्यवहार थंडावले की जुन्या नाण्यांचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळचा वडिलोपार्जित अकरा गुंठ्यांचा एनए प्लॉट विकायला काढून दीड वर्ष झालं. गिऱ्हाईक येतं, बघून जातं, पुढे काही हलत नाही. डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज चालू आहे. वडिलांनी जमवलेली नाणी घरात आहेत आणि आता मुलालाही तोच नाद लागलाय. प्लॉटचे पैसे आले की मराठा नाण्यांचा नीट संग्रह करायचा बेत होता. पण घर-जागांचा बाजार थंड आहे असं सगळीकडून ऐकू येतंय. मग नाण्यांचे भावही उतरतील का? उतरणार असतील तर खरेदीसाठी थांबावं, की आहेत ती आधीच विकून मोकळं व्हावं?

रत्नागिरीत नाण्यांची खरेदी-विक्री आणि मूल्यांकन हाच माझा धंदा, त्यामुळे जागा थंडावल्या की हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्या टेबलावर येतोच. आधी एक उलगडा करू, कारण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला बाजाराचा आहे: जागा थंडावल्या की लोकांचा नाण्यांवरचा खर्च घटतो का? घटतो, पण सगळ्या नाण्यांवरचा घटत नाही आणि लगेचही घटत नाही. दुसरा प्रश्न तुमच्या एकट्याचा आहे. तुमचा पैसा जमिनीत आहे आणि तो हातात आलाच असं धरून तुम्ही नाण्यांचा हिशेब मांडताय. खरी अडचण ही दुसरी आहे. तरी पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण बाजार कसा चालतो ते कळलं की दुसऱ्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

घराची किंमत वाढली की माणसाला आपण श्रीमंत झालो असं वाटतं, हात सैल होतो, हौसेवर पैसा जातो. किंमत उतरली की उलटं होतं. अर्थशास्त्रवाले याला 'वेल्थ इफेक्ट' म्हणतात. अमेरिकेत हे नीट दिसलं, कारण तिथे घराच्या वाढलेल्या किमतीवर नवं कर्ज काढून लोक खर्च करत होते. २००६ नंतर घरांच्या किमती घसरल्या आणि तो नळच बंद झाला. आपल्याकडे घरावर कर्ज काढून कुणी शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) घेत नाही. निदान माझ्याकडे तसं गिऱ्हाईक आलेलं नाही, आणि आलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

कोकणात जागेची 'किंमत' ही बरीचशी बोलण्याची गोष्ट असते. गुंठ्याला अमुक लाख म्हणायला काय जातंय? सातबाऱ्यावर सतरा सहहिस्सेदार, त्यातले चार मुंबईत, एक अमेरिकेत, एकाचा पत्ता नाही, मोजणी राहिलेली, वाट दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरातून जाणारी. अशा जागेचा भाव दुप्पट झाला म्हणून मालकाच्या खिशात एक रुपयाही वाढत नाही. पैसा येतो तो खरेदीखताच्या दिवशी. म्हणून आमच्या धंद्यावर भावाचा परिणाम कमी होतो, किती व्यवहार पुरे होतात याचा जास्त होतो. भाव जागच्या जागी राहून व्यवहार थांबले तरी माझी विक्री पडते, आणि भाव थोडे उतरून व्यवहार होत राहिले तर मला काही जाणवतही नाही. बातम्यांमध्ये दर चौरस फुटाचे आकडे येतात, मी मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर गर्दी किती आहे ते बघतो.

आता इथला नाण्यांवरचा पैसा येतो कुठून? जहाजावर असणारी माणसं सुट्टीला येतात तेव्हा घेतात. त्यांचा पगार बाहेरून येतो, त्यांना इथल्या जागांशी देणंघेणं नसतं. पावस-देवगडकडचे बागायतदार आंब्याचा हंगाम आटोपला की येतात, त्यांच्यासाठी मोहोर आणि अवकाळी पाऊस महत्त्वाचा. शिक्षक, बँकवाले आणि निवृत्त मंडळी महिन्याला थोडं थोडं घेतात. चौथा गट मात्र थेट जागेवर जगतो: एजंट, चिऱ्याचे आणि वाळूचे पुरवठादार, बांधकाम ठेकेदार, आणि नुकताच प्लॉट विकलेले मालक. हा गट संख्येने लहान, पण एका बैठकीत तीस-चाळीस हजारांची खरेदी करणारा हाच. २०२० च्या शेवटी मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सवलत होती, कर्जं स्वस्त होती, मुंबई-पुण्याच्या लोकांना गावाकडे घर हवंसं वाटत होतं. त्या काळात या गटाने नाणी घेतली तशी ना आधी घेतली होती ना नंतर घेतली.

इथे एक सावधगिरी. त्याच काळात जगभर नाण्यांचा बाजारही तेजीत होता. १९३३ सालचं अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं जून २०२१ मध्ये जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. घरं वाढली म्हणून नाणी वाढली असं यावरून म्हणता येत नाही. स्वस्त पैसा आणि घरात बसून मिळालेला वेळ, या दोन्हीमुळे दोन्ही बाजार वाढले. म्हणून जागा थंडावल्या असं ऐकलं की मी आधी विचारतो, कशामुळे?

कारण व्याज असेल तर फटका रुंद बसतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. तीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण २३,२५० रुपये बसतो, ९ टक्क्यांनी २७ हजारांच्या आसपास. म्हणजे महिन्याला पावणेचार हजारांचा फरक. पगारदार संग्राहक महिन्याला जे एक बरं नाणं घेतो त्याची किंमत जवळपास तेवढीच. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली तर हा फरक लगेच दिसत नाही, पण कर्ज कधी फिटणार हे कळलं की माणूस आपणहून हात आखडता घेतो. २०२५ मध्ये रेपो उतरत डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला, तेव्हा तुमचाही हप्ता किंवा मुदत हलली असणार. बँकेचं पत्र काढून बघा. नाण्यांसाठी दरमहा किती ठेवता येतील याचं उत्तर प्लॉटपेक्षा त्या कागदावर आहे.

कारण स्थानिक असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या पट्ट्यात प्रकल्प येणार म्हणून जागा उड्या मारतात आणि प्रकल्प बारगळला की आपटतात. नाणारच्या रिफायनरीसाठीची भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूचं नाव पुढे आलं. या सगळ्यात राजापूर तालुक्यात कोण कधी जागा घेत होतं आणि कोण अडकलं, हे तिथल्या चहाच्या टपरीवर अजून चघळलं जातं. तेव्हा त्या बाजूची गिऱ्हाइकं कमी झाली, पण चिपळूण किंवा मालवणकडच्या खरेदीवर काही फरक पडला नाही. तिकडे अलिबाग पट्ट्याचं गणित जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून आणखी निराळं. सारा कोकण एकदम गरम किंवा एकदम थंड होत नाही. तुमच्या गुहागरात प्लॉट हलत नाही याचं कारण कदाचित बाजार नसेलच, वाटेची किंवा हिश्श्याची काही अडचण असेल. एकदा वकिलाला कागद दाखवा.

आता मूळ मुद्दा, कोणत्या नाण्यांवर काय परिणाम होतो. टेबलावर येणाऱ्या मालाचे मी मनात तीन ढीग करतो.

पहिला ढीग धातूच्या भावाने जाणारा. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये, सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे सर्वसाधारण सालांचे रुपये. यांचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. किलोला एक लाख भाव धरला तर नुसत्या चांदीचेच १,०७० रुपये होतात. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरतं, तेवढे वजा करा. १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, त्यामुळे तो निम्म्याच्या आसपास. या ढिगाला जागांच्या बाजाराशी काही देणंघेणं नाही, तो चांदीच्या भावामागे जातो. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि लोक देवघरातले रुपये घेऊन सोनाराकडे धावले. कितीतरी चांगली सालं त्यात मोडीच्या भावाने वितळली. लक्ष्मीपूजनाचे रुपये लगेच ओळखू येतात, अक्षरांच्या खाचांत कुंकू घट्ट बसलेलं असतं. ते टाचणीने खरवडू नका, आणि चिंच-मीठ लावून तर मुळीच घासू नका. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण संग्राहक त्याला मोडीपेक्षा फारसं जास्त देत नाही.

दुसरा ढीग मधला. तीन-चार हजारांपासून पन्नासेक हजारांपर्यंतचा माल. पूर्ण अक्षरांची शिवराई, पेशवाईतल्या टांकसाळींचे अंकुशी किंवा चांदवडी रुपये, जंजिऱ्याच्या सिद्दींची 'ज' असलेली नाणी, कंपनी सरकारची उत्तम स्थितीतली नाणी, १९११ चा 'डुक्कर' रुपया. हा शेवटचा सगळ्यांना ठाऊक असतो: पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सुमारे ९४ लाख पाडलेल्या रुपयांपैकी सातेक लाखच बाहेर पडले होते, बाकीचे वितळवले आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. जागा थंडावल्या की पहिला मार बसतो तो या मधल्या ढिगाला. कारण उघड आहे. हा माल घेणारा माणूस गरजू नसतो आणि गर्भश्रीमंतही नसतो. हातात जास्तीचे पैसे आले म्हणून तो घेतो, आणि जास्तीचे पैसे इथे बहुतेक वेळा जमिनीतूनच येतात.

हा मार दिसतो कसा, ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याची इथेच फसगत होते. किमतीची चिठ्ठी बदलत नाही. आठ हजारांची शिवराई आठ हजारांचीच राहते, फक्त ती जागची हलत नाही. मालवणकडचे एक होमस्टेवाले माझे जुने गिऱ्हाईक आहेत. तेजीत असताना ते भिंग लावायचे, 'श्री राजा शिव' मधला 'श्री' पुरता आलाय का, मागे 'छत्रपति'चा 'ति' कापला तर गेला नाही, एवढंच बघायचे आणि पैसे टाकायचे. शिवराईचा साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जाणं नेहमीचंच. पूर्ण अक्षरांचा तुकडा दिसला की ते सोडत नसत. व्यवहार थांबले तसं तेच नाणं तीन वेळा हातात घेऊन, वजन करून, कड बघून परत ठेवायला लागले. म्हणाले, "जागेचा काम होऊंदे, मगे घेतंय." घासाघीस त्यांनी केली नाही, आणि तेच मला जास्त खटकलं. घासाघीस करणाऱ्याला घ्यायचं असतं. 'मग घेतो' म्हणणाऱ्याकडे पैसाच नसतो, त्याला मी दोन हजार कमी केले तरी उपयोग नाही. त्यानंतरची पायरी म्हणजे हप्त्याने द्याल का, पुढच्या महिन्यात दिले तर चालेल का ही विचारणा. त्याच्यापुढची म्हणजे तेच गिऱ्हाईक आपल्याकडची दुबार नाणी विकायला आणतं. हे सगळं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, कारण आधी झालेल्या खरेदीखतांचे पैसे काही काळ फिरत राहतात, आणि इसार मिळालेली माणसं उरलेली रक्कम येणारच या भरवशावर खर्च करत राहतात. हे भरवशाचं गिऱ्हाईक बाजाराला शेवटपर्यंत फुगवून ठेवतं.

तिसरा ढीग दुर्मिळ मालाचा. सोन्याचा शिवराई होन, १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया, टांकसाळीचे नमुने (चलनात न आलेली चाचणीची नाणी). हा माल माझ्याकडे क्वचित येतो आणि आला तर इथे विकला जात नाही, मुंबई-पुण्याच्या लिलावात जातो. घेणारे उद्योजक, डॉक्टर, शेअर बाजारातली मंडळी. कोकणातले प्लॉट विकले गेले काय आणि पडून राहिले काय, त्यांना कळतही नाही. अमेरिकेतही तेच घडलं. १७९४ सालचा एक चांदीचा डॉलर २०१० मध्ये ७८ लाख ५० हजार डॉलरला गेला, तिथला घरांचा बाजार अजून पुरता सावरायचा होता. तोच डॉलर जानेवारी २०१३ मध्ये १ कोटी डॉलरच्या वर गेला. पण म्हणून दुर्मिळ माल कधी पडतच नाही असंही समजू नका. १९८६-८७ मध्ये तिथे नाणी तपासून, दर्जा ठरवून डबीत बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या, गुंतवणूकदारांचा पैसा आत शिरला, १९८९ पर्यंत भाव चढले आणि मग सपाटून आपटले. नाण्यांच्या बाजाराची स्वतःची अशी भरती-ओहोटी असते, आणि सट्ट्याचा पैसा आला की घरांचा संबंध नसतानाही तो बाजार बुडतो.

इथवर मागणीचं झालं. पुरवठ्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला तर तोच भाग जास्त रंजक वाटतो. जागांची तेजी असते तेव्हा कोकणात जुनी घरं पाडली जातात. कौलारू घर पाडताना माळ्यावरची पेटी, भिंतीतला कोनाडा, देवघराखालचा डबा बाहेर येतो. एकदा राजापूरकडच्या एका पाडलेल्या घरातला पितळी डबा आला होता. वर तेलाचा थर, आत हिरवे पडलेले ढबू पैसे, युद्धकाळातले भोकाचे पैसे, चार राणीछाप आणि त्यातल्या दोनांना कडी डागलेली, कुणाच्या तरी गळ्यातल्या. कडी लावलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने मोडीत जमा. पण ढबू पैशांच्या खाली कागदात गुंडाळलेली दुमडलेली चांदीची तार निघाली. ती दाभोळची लारी, आदिलशाहीच्या काळात समुद्री व्यापारात चालणारं नाणं. अशा गोष्टी घर पाडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. म्हणजे तेजीत मागणी वाढते तसा ताजा मालही वाढतो. मंदीत घरं पाडणं थांबतं, ताजा माल आटतो, आणि त्याच्या जागी संग्राहकांच्या कपाटातला निवडक, नोंदी ठेवलेला माल विक्रीला येतो. घेणाऱ्याला मंदीत चांगला माल मिळतो तो याच कारणाने. भाव पडलेले नसतात, पण एरवी न सुटणारी नाणी सुटलेली असतात.

(जाता जाता: पाया खोदताना जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर ते आपोआप तुमचं ठरत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जमिनीला जोडलेल्या बांधकामात, म्हणजे भिंतीत वगैरे, दडवलेलंही त्यात येतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशात विकायला पाठवणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याने बंद आहे.)

पुरवठ्याचा आणखी एक हंगाम आहे, गणपती. चाकरमानी गावी जमतात, भाऊबंद एकत्र बसतात, वाटणीची बोलणी होतात. जागा विकली जाऊन पैसे वाटले जाणार असतील तर नाण्यांच्या डब्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, थोरला भाऊ आठवण म्हणून घेऊन जातो. जागा अडकली की तोच डबा उघडतो, कारण वाटता येईल असं रोकडं एवढंच उरतं. मंदीच्या वर्षी गणपतीनंतरच्या महिन्यात माझ्याकडे असे डबे जास्त येतात. घाईत आलेले असतात, मिळेल त्या भावाला जातात.

म्हणजे जागांचे व्यवहार थांबले की धातूच्या भावाने जाणाऱ्या नाण्यांना काही होत नाही, मधला माल अडतो, आणि दुर्मिळ माल आपल्या वाटेने जातो. आता तुमच्याकडे वळतो.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते न बघता मी ठाम आकडा देणार नाही, पण दिशा सांगू शकतो. वडिलांचा संग्रह आधी या तीन ढिगांत लावा. प्रत्येक चांदीच्या नाण्याचं वजन करा, साल आणि टांकसाळीची खूण टिपा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. हे काम एका रविवारचं आहे आणि त्यात खर्च शून्य. धातूच्या ढिगातलं सर्वसाधारण सालाचं, झिजलेलं, घासलेलं जे असेल ते चांदी वर असताना विका, त्यासाठी प्लॉटची वाट बघायला नको. फक्त सोनाराच्या काट्यावर टाकण्याआधी सालं कुणा जाणकाराला दाखवा.

मधला ढीग आत्ता विकू नका, घरात अगदी नड असल्याशिवाय. दुकानदार घेताना आणि विकताना यात मोठा फरक ठेवतो. माझ्याकडे मधल्या मालावर तो साधारण पाव हिस्सा असतो, आणि मंदीत तो वाढतो, कारण घेतलेला माल किती महिने पडून राहणार ते मलाही माहीत नसतं. नड आलीच तर वीस मधली नाणी फुंकण्यापेक्षा एखादं खरोखर चांगलं नाणं लिलावात द्या. त्याला गिऱ्हाईक मंदीतही असतं. मन दुखेल, पण संग्रहाचा कणा वाचेल. लिलावात विकणाऱ्याकडून कमिशन घेतात आणि घेणाऱ्याकडूनही वर काही टक्के घेतात, ते आधी विचारून मगच सही करा. 'राखीव किंमत' (जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती) लिहून घ्यायला विसरू नका, नाहीतर मंदीत एकच बोली येते आणि नाणं हातचं जातं.

खरेदीचं विचाराल तर, थांबायची गरज नाही, पण प्लॉटच्या पैशांवर एक रुपयाही आधी लावू नका. दुकानदाराला 'ठेवून दे, पैसे आले की नेतो' असं सांगणं म्हणजे न झालेल्या खरेदीखतावर उधारी करणं. मंदीत हे सगळेच करतात, आणि मग प्लॉट लांबला की ना नाणं मिळतं ना संबंध राहतात. वैयक्तिक कर्ज काढून नाणी घेणं तर सोडूनच द्या. हप्ता भरून उरलेल्यातून महिन्याला जे निघेल त्यात संग्रह करा. मंदीतल्या कपाटांमधून निघालेल्या शिवराया या बजेटला अगदी योग्य आहेत. प्रकार भरपूर, सर्वसाधारण शिवराई काही शेकड्यांतही मिळते, आणि अक्षरांची मांडणी, लिहिण्याची ढब, नंतरच्या दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या) शिवराया, यांचा अभ्यास करायला आयुष्य पुरत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारत जा: हेच नाणं वर्षाने तुमच्याकडे आणलं तर किती द्याल? जो आकडा सांगतो त्याच्याकडून घ्या. 'वाढणारच हो' म्हणतो त्याच्याकडे चहा पिऊन परत या.

प्लॉट विकला गेलाच तर सगळी रक्कम हातात राहणार नाही, हे ध्यानात ठेवा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीवर निवासी व्यक्तीला साडेबारा टक्के, किंवा महागाईची वजावट धरून २० टक्के, यातला कमी बसेल तो भांडवली नफ्याचा कर निवडता येतो. वडिलोपार्जित जागेत मूळ घेणाऱ्याने दिलेली किंमत, किंवा जागा त्याआधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, तेव्हा दोन्ही हिशेब सीएकडून मांडून घ्या. गिऱ्हाईक रोख इसार देतो म्हणालं तर वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तसंच एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख कुणालाच स्वीकारता येत नाही, मलाही नाही. त्यामुळे 'जागेतला रोख पैसा नाण्यांत फिरवू' असा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा.

मंदीत खोटा मालही वाढतो, कारण घाईत विकणारे आणि स्वस्त शोधणारे दोघेही जास्त असतात. १९३९ चा रुपया 'नडीपायी' स्वस्तात मिळतोय असं कुणी सांगितलं तर तो खोटाच समजून तपासा: वजन, कड, सालातले आकडे भिंगाखाली. आणि मोबाईलवर वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ती २०१२ ची नाणी आहेत, ढिगाने पाडलेली. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलंय. आधी 'नोंदणी शुल्क' मागणारा प्रत्येक जण चोर.

राहता राहिली साठवण, कारण तुम्ही विकणार नसाल तर ती सांभाळावी लागतील. डोंबिवलीत काय, गुहागरात काय, हवा दमटच. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत तांब्याची नाणी वर्षभरात हिरवी चिकट होतात. पुठ्ठ्याच्या खिडकीच्या चौकटी किंवा कडक डब्या घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या महिन्याला बदला. फोटो आणि वजनांची यादी तयार झाली की इथेच टाका, ढीग लावायला मी मदत करीन. फक्त त्याच्याखाली घराचा पत्ता लिहू नका.